चहाचे डाग

"अजून चुरगळा. इस्त्रीची घडी दिसतेय," मॅनेजर म्हणाला, आणि छाटणीच्या टेबलाभोवतीच्या बायकांनी धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन आलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरी पुन्हा पायांखाली घेतल्या.

"पण पायांचे ठसे उमटतील ना," एक जण म्हणाली.

"उमटू देत की. हॉटेलात लोक काय हवेत चालतात?"

"जमिनीवर चालतात. चादर पलंगावर असते."

हशा पिकला. मॅनेजरने रुमालाने कपाळ टिपलं आणि किटली मागवली. किटलीत कोरा चहा होता. तो स्वतःच्या हाताने चादरींवर शिंपडू लागला, इथे थेंब, तिथे धार, मध्येच मागे सरकून बघणं. घरी भिंत रंगवतानाही त्याने एवढं मन लावलं नसेल.

"दूध घालू नका म्हणून मुद्दाम सांगितलंय मी," तो म्हणाला. "मागच्या वर्षी दुधाचा चहा होता, तर माश्या आल्या. साहेबांच्या फोटोत नाकावर माशी. वरच्या ऑफिसने माझी काय हजेरी घेतली म्हणता!"

मावशी हे सगळं टेबलाच्या टोकाला उभी राहून बघत होती. छाटणी विभागाची ती मुख्य. हॉटेलांचे आणि इस्पितळांचे कपडे धुणाऱ्या या कंपनीत सगळी घाण आधी तिच्या टेबलावर यायची. चादरी एकीकडे, टॉवेल दुसरीकडे, फाटकं तिसरीकडे. डाग कशाचा ते बघायचं, खिसे चाचपायचे, गाठी सोडवायच्या आणि मग माल मशीनकडे जायचा. वर्षातून एकदा मात्र याच टेबलावर धुतलेला माल मळवायचं काम निघायचं, कारण त्या दिवशी साहेब यायचे.

साहेब म्हणजे कंपनीचे मुख्य अधिकारी. सगळ्यात वरचे. आणि नम्रपणात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. त्यांनी आपल्या खोलीच्या दारावरची पाटी काढून टाकली होती, मी कुणी मोठा नाही म्हणून. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांना खोली सापडेना, तेव्हा ती दाखवायला दाराबाहेर एक माणूस बसवावा लागला. जेवायला ते सगळ्यांबरोबर रांगेत उभे राहत. त्यांच्या पुढे उभे असलेल्यांना एकेक करून काहीतरी विसरलेलं आठवे, आणि पाहता पाहता साहेब रांगेच्या तोंडाशी येत. रांगेत उभं राहूनही ज्याला कधी थांबावं लागलं नाही असा तो एकटाच माणूस असावा. आपला कप ते आपणच विसळत. तो पुन्हा नीट घासायला एक बाई होतीच.

या माणसाची सुरुवात छाटणीच्या टेबलावर झाली होती हे मात्र खरं होतं. खोटं एवढंच होतं की भाषणात ती सुरुवात दरवर्षी लांबत चालली होती. मावशीच्या शेजारी तो जेमतेम सहा महिने उभा होता. पहिल्या भाषणात त्याचं वर्ष झालं, मग दोन वर्षं झाली, आणि अलीकडे "माझं तारुण्य त्या टेबलावर गेलं" इथवर मजल पोचली होती. तेव्हा त्याला सगळे काडी म्हणत. अंगावर मांस नव्हतं, पण डोकं तल्लख, आणि कोण कुठल्या दाराने येतो-जातो यावर बारीक नजर. एकदा हॉटेलच्या उशीच्या अभ्र्यात मावशीला अंगठी सापडली. काडी म्हणाला, "दे ताई, मी मालकांना देऊन येतो, तुझं काम अडायला नको." अंगठी त्याने अगदी प्रामाणिकपणे मालकांच्या हातात ठेवली. ती कुणाला सापडली एवढं सांगायचं राहून गेलं. मालकांनी असा मुलगा ऑफिसात हवा म्हटलं. त्यानंतर तो टेबलावर परत आला तो थेट फोटोवाल्याला घेऊनच.

मावशीला अंगठीचं दुःख नव्हतं. कंपनी त्याने वाढवली हेही ती मान्य करायची. अंगात धमक होती म्हणूनच तो चढला. पण चढून गेलेल्या माणसाने दरवर्षी खाली येऊन, बघा मी कसा तुमच्यातलाच, म्हणत हारतुरे घ्यावेत आणि परत वर जावं, हे बघून तिच्या तोंडाला कडू चव यायची. चढला आहेस ना बाबा, मग बस की वर. पंखा लाव.

एरवी तिने हे वर्षही चहाच्या डागांवर हसून घालवलं असतं. या वर्षी तिला हसू येत नव्हतं.

टेबलावरची सगळ्यात लहान मुलगी, जिला सगळ्या धाकटी म्हणत, तिच्या बोटात इस्पितळाच्या चादरीतली सुई घुसली होती. घाईगर्दीत नर्स कधीतरी सुई चादरीतच विसरतात. गाठोडं बांधलं जातं, आणि ते सोडणारीच्या हाती काय लागेल ते लागेल. कंपनी रबराचे पातळ हातमोजे देई. दुपार होईपर्यंत त्यांच्या चिंध्या होत. कुणा आजाऱ्याची सुई ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून धाकटीला महिनाभर जहाल गोळ्या घ्याव्या लागल्या. ती यायची, उभी राहायची, मोरीत जाऊन ओकायची, पुन्हा येऊन उभी राहायची. घरी तान्हं मूल. डॉक्टरांनी त्याला अंगावर पाजणं बंद करायला सांगितलं होतं. रक्ताची शेवटची तपासणी अजून व्हायची होती.

सुईला दाद न देणारे जाड हातमोजे बाजारात मिळत होते. मावशीने मॅनेजरकडे मागितले. मॅनेजरने वर कळवलं. वरून उत्तर आलं की योग्य वेळी विचार होईल. पुन्हा मागितले, पुन्हा विचार होईल. विचारच करत होते बिचारे.

तेव्हा मावशीने ठरवलं, काडीला एकदा खरा माल दाखवायचा. त्याला सांगून उपयोग नव्हता, सांगणाऱ्यांची त्याच्याभोवती रीघ होती. पण नाक आणि हात सहसा काही विसरत नाहीत. समोर खरं गाठोडं आलं की तो दचकेल, हातमोजे मागेल, आणि त्याने मागितले की सगळ्यांच्या देखत ती म्हणणार होती, आम्हालाही द्या.

मॅनेजर साहेबांना आणायला फाटकाकडे गेला, तशी तिने ढकलगाडीवाल्याला खूण केली. त्याने चहाच्या चादरी उचलून बाजूला नेल्या आणि इस्पितळाचं, ऑपरेशनच्या खोलीतून आलेलं गाठोडं टेबलावर आणून ठेवलं. मावशीने ते सोडलं आणि चिमट्याने वरखाली करून, दिसेल तेवढं बघून घेतलं. तिला कुणाचं रक्त नको होतं. तिला फक्त एक दचकलेला माणूस हवा होता.

"मावशी, नोकरी जाईल हं," शेजारची कुजबुजली.

"जाऊ दे. दोन वर्षांनी सोडायचीच आहे. दोन वर्षं आधी पाय दुखायचे थांबतील."

साहेब आले. ड्रायव्हरच्या शेजारी, पुढच्याच जागेवर बसून आले. दार त्यांचं त्यांनी उघडलं, त्यामुळे दार उघडण्यासाठी आलेला माणूस हात लांब केलेल्या अवस्थेत तसाच राहिला. अंगात जुना, विटका निळा डगला होता. हा डगला याच वर्षी नवा शिवून आला होता, आणि रंग जाईपर्यंत तो पुन्हा पुन्हा धुवायचं काम मशीनवरच्या पोरांना पडलं होतं. मागे फोटोवाला, त्याच्या मागे यंदा भरती झालेली तरुण मंडळी. नेतृत्व कसं असतं ते बघायला त्यांना आणलं होतं.

"काय म्हणता? ओळखलंत ना?" साहेब टेबलापाशी येऊन म्हणाले. "मी पाहुणा नाही. मी तुमच्यातलाच आहे." मग तरुणांकडे वळून, "आणि ही माझी ताई. हिच्या हाताखाली मी घडलो. आजही मला काही चुकलं तर ही माझा कान धरेल. काय ताई?"

सगळे हसले. मावशीने कान धरला नाही. बॉयलरवाल्याकडून मागून आणलेले जाड, काळे पडलेले कातडी हातमोजे तिने पुढे केले.

"साहेब, हे घाला."

"अगं, हे कशाला?" त्यांनी दोन्ही तळवे वर धरले. फोटोवाला पुढे सरसावला. "ज्या हातांनी मी सुरुवात केली, ते हात झाकू? आपल्याच कामाची लाज कसली?"

टाळ्या झाल्या. एका मुलीने तर डोळे टिपले.

मावशी त्यांच्या जवळ सरकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "साहेब, खरंच घाला. आजचा माल खरा आहे."

त्यांनी टेबलावरच्या तपकिरी-लाल डागांकडे पाहिलं. मग मान कलती करून, फोटोवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते तिच्या कानाशी पुटपुटले, "चहा या वेळी झकास जमलाय. मागच्या वर्षी फार पातळ होता."

मावशी बघतच राहिली. इतकी वर्षं तिची समजूत होती की त्याला फसवलं जातं. त्यातल्या त्यात तेवढीच सवलत तिने त्याला दिली होती.

"चहा नाही तो," ती म्हणाली.

"बरं बरं," साहेबांनी डोळा मिचकावला, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ढिगात घातले.

हात मात्र सराईतासारखे चालले, हे नाकारता येणार नाही. एक चादर झटक्यात निघाली, दुसरी निघाली. मग तिसरीच्या घडीत ते थांबले. चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्याच्या आतला माणूस निघून गेला. त्यांनी हात बाहेर काढला, बघितला आणि मूठ मिटली. मिटलेल्या मुठीतून लाल थेंब मनगटाकडे ओघळला तो फक्त मावशीला दिसला.

"साहेब, इकडे बघा," फोटोवाला म्हणाला.

साहेबांनी इकडे बघितलं. दुसरा हात उंचावला. पुन्हा टाळ्या. मग त्यांना एक अत्यंत महत्त्वाचा फोन करायचा असल्याचं आठवलं.

मॅनेजरच्या खोलीतल्या नळाखाली ते बोट धरून उभे होते. दार लोटून घेतलं होतं. मावशी आत आली तेव्हा त्यांनी साबणाची वडी जवळजवळ संपवत आणली होती.

"कुणाची होती?" त्यांनी विचारलं. "ताई, कुणाची होती ती सुई?"

"तिनेही हेच विचारलं होतं."

"कोण ती?"

"आहे एक. कागद आला होता तुझ्याकडे. चोळू नकोस, नुसतं पाणी सोड. आणि आजच गोळ्या सुरू कर, उद्यावर टाकू नकोस."

ती त्याला अरे-तुरे करत होती हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेला तो पुन्हा काडीच दिसत होता. गालफडं वर आलेली, मान बारीक. घटकाभर तिला त्याची दयाही आली. गाठोडं तिनेच ठेवलं होतं.

"मी सांगितलं होतं, चहा नाही म्हणून."

"मला वाटलं तू पण..." त्याने वाक्य सोडून दिलं. "हे कुणाला बोलू नकोस. शपथ आहे तुला. बाहेर ती सगळी मुलं आहेत."

"नाही बोलत. पण आता तरी मोजे दे आम्हाला."

"देतो ना! हे काय सांगणं झालं? देतोच."

बाहेर जाताना त्याने बोटाला रुमाल गुंडाळला आणि तो हात खिशात घातला. खिशात हात घालून चाललेला साहेब फारच रुबाबदार दिसत होता.

मावशीने टेबलावर येऊन सांगितलं, मोजे येतायत. धाकटी पहिल्यांदाच जेवली आणि जेवण पोटात राहिलं. सगळ्यांनी वाट बघितली. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, आणि शेवटी एक मोठं, चौकोनी, कागदात गुंडाळलेलं काहीतरी आलं. मोजे एवढे सपाट कसे, म्हणून बायका भोवती जमल्या. कागद फाडला तर आत साहेब. भिंत भरून फोटो. डाग पडलेल्या चादरी, छातीपर्यंत उंचावलेला उघडा पंजा, चेहऱ्यावर ते आतून रिकामं हसू. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: आमचे हात उघडे आहेत. कंपनीने या वर्षासाठी हेच वाक्य धरलं होतं. पावत्यांवर, गाड्यांवर, सगळीकडे ते छापून झालं होतं.

बरोबर एक कागदही होता. मॅनेजरने तो घसा खाकरून वाचला. जाड हातमोज्यांच्या मागणीचा सहानुभूतीने विचार झाला होता. परंतु साहेब स्वतः कोणत्याही हातमोज्यांशिवाय इस्पितळाचा माल हाताळतात हे सर्वांनी पाहिलंच आहे. तरी कामगारांनीही त्यांच्यापासून स्फूर्ती घ्यावी.

"मिळाली स्फूर्ती," शेजारची म्हणाली. "हातात घालून बघू, बसते का मापात."

या वेळी कुणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात मॅनेजरच्या खोलीतला फोन वाजला आणि मॅनेजर धावतच टेबलाशी आला. साहेबांना मावशीशी बोलायचं होतं. खाजगी. मॅनेजर अदबीने बाहेर थांबला. मोठा माणूस जुन्या ताईची विचारपूस करतो, याचं कौतुक त्याच्या तोंडावर मावत नव्हतं.

"ताई, ती मुलगी," पलीकडून दबका आवाज आला. "तिला गोळ्यांचा त्रास किती दिवस राहिला गं? माझ्या पोटात काही ठरत नाहीये. घरी सांगितलंय पित्त झालंय म्हणून."

"संपेपर्यंत राहतो. कोरडं काहीतरी खाऊन घे आधी."

"बरं. आणि... तिची ती शेवटची तपासणी?"

"झाली. चांगली आली. काही नाही निघालं."

"वा!" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की मावशीने फोन कानापासून लांब धरला. "वा, वा! म्हणजे सहसा होत नाही कुणाला. बघ, मी उगाच घाबरत होतो."

"तिचं दूध आटलं," मावशी म्हणाली.

"हं? कसलं दूध?"

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? ताई?"

"मोज्यांचं काय झालं?"

"अगं, देणारच आहे. पण तूच सांग, आत्ता कसे देऊ? एवढं सगळं छापून झालंय. आता लगेच मोजे वाटले तर लोक विचारतील, का म्हणून. कुणीतरी खोदून काढेल. जरा दम धर. हे वर्ष जाऊ दे."

"वर्ष."

"बघता बघता जाईल. तू सांभाळून घे बायांना. तुझं ऐकतात त्या. आणि ताई, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर, मी विसरणार नाही."

"नको लक्षात ठेवूस," मावशी म्हणाली. "तुला लक्षात राहिलं की आमचं काम वाढतं." तिने फोन ठेवला.

इतकी वर्षं तिच्या मनात एक शंका होती की आपण जळतो त्याच्यावर, म्हणून आपल्याला तो असा दिसतो. फोन ठेवताना ती शंका फिटली. जळायला समोर कुणीतरी असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाची पहिली ढकलगाडी आली. मावशीने तिच्यातलं एकही गाठोडं टेबलाला लागू दिलं नाही.

"ती गाठोडी तिकडे, फोटोच्या भिंतीशी लाव," तिने ढकलगाडीवाल्याला सांगितलं. "हॉटेलचा माल टेबलावर येऊ दे."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. दुसरी गाडी आली, तिचीही गाठोडी भिंतीशी गेली. मग तिसरी. हॉटेलच्या चादरी नेहमीसारख्या भराभर निघत होत्या. भिंतीशी थर चढत होते.

मॅनेजर आला, थबकला, नाकाला रुमाल लावला. "हे काय? इस्पितळाचा माल का पडलाय?"

"साहेबांसाठी राखून ठेवलाय."

"मावशी, थट्टा नको. संध्याकाळी इस्पितळाची गाडी येईल धुतलेला माल न्यायला. मी काय देऊ?"

"साहेबांना बोलवा. त्यांचे हात उघडे आहेत. आमचे झाकल्याशिवाय चालत नाहीत आता."

"अहो, असं काय करता? मी वर काय सांगू?"

"हेच सांगा."

"तुमची दोन वर्षं राहिलीत. निवृत्तीचं सगळं अडकेल, कळतंय का?"

"कळतंय."

"एकटीसाठी नाही तर यांच्यासाठी तरी विचार करा!" त्याने बायकांकडे हात केला.

"मी मावशीबरोबर आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की मॅनेजरने दोनदा विचारलं, काय म्हणालीस. तिने दोनदा सांगितलं. बाकीच्यांपैकीही कुणी भिंतीकडे गेलं नाही.

मॅनेजर खोलीत जाऊन फोनवर फोन करत राहिला. काचेतून त्याचे हातवारे दिसत होते. वर कुणीच फोनवर येत नव्हतं. साहेबांना आज बरं नव्हतं म्हणे, पित्त झालं होतं.

दुपारी हॉटेलचा माल संपला. टेबल रिकामं झालं. एवढं रिकामं टेबल त्या बायकांनी कधी बघितलं नव्हतं; मधला पत्रा झिजून चकचकीत झाला होता, हेही त्यांना आज दिसलं. गाड्या येतच होत्या. गाठोड्यांचा थर फोटोच्या चौकटीपर्यंत पोचला, मग ते छापलेलं वाक्य झाकलं गेलं, मग डागाळलेल्या चादरी, मग उंचावलेला पंजा.

"मावशी, आता कुठे ठेवू?" ढकलगाडीवाल्याने विचारलं.

मावशीने बघितलं. पंजाच्या वर साहेबांचा चेहरा तेवढा उरला होता.

"आहे की अजून जागा," ती म्हणाली.

मग तिने हातांतले फाटके रबरी मोजे ओढून काढले, टेबलाच्या कडेला ठेवले, आणि कामाच्या वेळेत एरवी ज्याच्याकडे ती कधी बघतही नसे ते स्टूल पायाने पुढे ओढून त्यावर बसली. धाकटी तिच्याशेजारी, उलट्या घातलेल्या टोपलीवर बसली. फाटकातून आणखी एक गाडी आत वळल्याचा आवाज आला. कुणी उठलं नाही.